एक औंसाखालचं शिसं दुकानात विकायलाच नको

इकडे मॅसॅच्युसेट्समधे आपल्यातल्या ज्यांना बास फिशिंगचा, म्हणजे गोड्या पाण्यातला बास मासा गळाने पकडायचा, नाद लागलाय त्यांचा पहिल्या सीझनचा एक प्रश्न ठरलेला असतो, गळाच्या लाईनला लावायला शिशाची वजनं घ्यायची का टंगस्टनची. उत्तरंही ठरलेली असतात. कोणी म्हणतं टंगस्टनने तळ चांगला कळतो, कोणी म्हणतं लेड स्वस्त पडतं, दगडात अडकून गेलं तरी जीव हळहळत नाही. मासा जास्त कशाने लागेल आणि खिशाला किती बसेल एवढ्यावर चर्चा संपते. मला हा प्रश्न तेवढाच वाटत नाही. एक औंसाखालची (म्हणजे साधारण २८ ग्रॅमपर्यंतची) शिशाची वजनं आणि जिग, म्हणजे हूकलाच वजन ओतलेलं आमिष, गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी कुठल्याच राज्यात वापरायला नकोत, आणि त्याच्याही आधी विकायलाच नकोत, आणि हे लोकांच्या चांगुलपणावर न सोडता कायद्याने झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास पकडायला बरेच जण प्लास्टिकचा मऊ किडा वापरतात, त्याच्या पुढे लाईनमधे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवलेलं असतं, ते तळाला जातं आणि आपण ते हळूहळू ओढत आणायचं. तळाला दगड, बुडालेली झाडं, गवत, म्हणजे वजन अडकणार आणि लाईन तुटणार हे धरूनच चालायचं. वॉचुसेट रिझर्व्हॉयरवर तर बोट चालत नाही, काठावरूनच टाकायचं आणि काठाला सगळे दगडच दगड, एका सकाळी दोन-तीन वजनं जाणं तिथे रोजचंच. आता हे फक्त आपलं झालं, अशी माणसं त्या काठावर एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत येत असतात आणि कित्येक वर्षं येतायत, तेव्हा पाण्याखाली काय साठत गेलं असेल बघा. वॉचुसेट आणि क्वॉबिन या दोन रिझर्व्हॉयरवर २००० सालापासूनच शिशाला बंदी आहे आणि त्याचं कारण आहे लून.

लून म्हणजे काळं डोकं, लालभडक डोळे आणि पाठीवर पांढऱ्या चौकटींची नक्षी असलेला मोठा पाणपक्षी, कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे तोच. मॅसॅच्युसेट्समधून तो जवळजवळ शंभर वर्षं गायब होता, १९७५ साली क्वॉबिनवर परत घरटं करताना दिसला. पक्ष्यांना दात नसतात, त्यामुळे खाल्लेलं दळायला पोटात गिझर्ड नावाची जाड स्नायूंची पिशवी असते आणि त्यात दळायला म्हणून हे पक्षी तळातले बारीक खडे गिळतात. शिशाची वाटाण्याएवढी गोळी तळात पडलेली असेल तर ती खडा म्हणून पोटात जाते. नाहीतर लाईन तोडून गेलेला मासा, ज्याच्या तोंडात हूक आणि जिग अजून तसाच आहे, तो लून सोप्पी शिकार म्हणून उचलतो. पुढे गिझर्डमधे ते शिसं इतर खड्यांबरोबर घासलं जातं, पोटातल्या आम्लात विरघळतं आणि रक्तात जातं. मान धरवत नाही, बुडी मारता येत नाही, पिल्लांना खायला घालता येत नाही, आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत पक्षी मरतो. एक गोळी पुरते.

टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यक कॉलेजातले डॉ. मार्क पोक्रास यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी न्यू इंग्लंडमधे, म्हणजे मॅसॅच्युसेट्स-न्यू हॅम्पशरच्या या भागात, मेलेले लून उघडून तपासायला सुरुवात केली आणि पोटात फिशिंगचं शिसं सापडायला लागलं, तोपर्यंत हे इतकं मोठं कारण असेल असं कोणाला फारसं वाटत नव्हतं. न्यू हॅम्पशरच्या लून प्रिझर्व्हेशन कमिटीचा अभ्यास २०१८ मधे प्रसिद्ध झाला. १९८९ ते २०१२ या काळात हाती लागलेल्या मेलेल्या प्रौढ लूनपैकी ४८.६ टक्के फिशिंगच्या शिशाने मेले होते आणि त्यामुळे राज्यातली लूनची संख्या जितकी झाली असती त्यापेक्षा ४३ टक्क्यांनी कमी राहिली असा त्यांचा हिशोब आहे. हा हिशोब सापडलेल्या पक्ष्यांवरून केलेला आहे, सगळे मेलेले पक्षी काही सापडत नाहीत, ही शंका कोणी काढली तर ती रास्त आहे. पण सापडलेल्यांपैकी जवळपास निम्मे एकाच कारणाने, आणि तेही आपल्या हातात असलेल्या कारणाने मरत असतील, तर अजून कुठल्या पुराव्याची वाट बघायची हे मला कळत नाही.

"लून तर वाढतायत, मग बंदी कशाला" हे वाक्य इथे फार ऐकायला येतं, फिशिंगच्या सामानाच्या धंद्याच्या संघटनाही हाच मुद्दा मांडत आल्यात. न्यू हॅम्पशरमधे लून वाढले हे खरंच आहे, ते कसे वाढले ते मात्र बघायला पाहिजे. घरट्यांसाठी तराफे तयार करून पाण्यात सोडणारे, घरट्याभोवती दोऱ्या आणि पाट्या लावणारे, मोसमभर तळ्यावर लक्ष ठेवणारे लोक १९७५ पासून हे काम करतायत. लून साधारण सहा वर्षांचा झाल्यावर अंडी घालायला लागतो, एका वेळी एक नाहीतर दोन अंडी, आणि सगळी पिल्लं जगतातच असं नाही. असा पक्षी पंचवीस-तीस वर्षं जगतो म्हणूनच टिकतो, आणि शिशाने जातो तो बहुतेकदा पूर्ण वाढलेला, जोडी केलेला पक्षी असतो. एका बाजूने लोक राबून संख्या वाढवणार आणि दुसऱ्या बाजूने आपण दोन डॉलरच्या पाकिटातून ती खाली आणणार, याला वाढ म्हणून समाधान मानणं मला पटत नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. न्यू हॅम्पशरने सगळ्यात आधी पाऊल टाकलं, २००० सालापासून तळ्यांमधे छोटी शिशाची वजनं आणि एक इंचापर्यंतचे जिग बंद. पण जिग लांबीने मोजायचं ठरवल्यामुळे इंचापेक्षा थोडा लांब जिग कायदेशीर राहिला आणि लून तर तोही गिळतो. मग २०१३ मधे नवीन कायदा केला, १ जून २०१६ पासून एक औंस आणि त्याखालचे सगळे शिशाचे सिंकर (म्हणजे वजनं) आणि जिग गोड्या पाण्यात वापरायला बंद, आणि राज्यात विकायलाही बंद. मॅसॅच्युसेट्सने १ जानेवारी २०१२ पासून एक औंसाखालच्या शिशाचा सगळ्या अंतर्गत पाण्यात वापर बंद केला. चांगलंच केलं. पण विक्री चालू ठेवली.

त्याने होतं काय, नवीन माणूस मोठ्या दुकानात जातो, भिंतीवर शिशाच्या स्प्लिट शॉटचं, म्हणजे लाईनवर दाबून बसवायच्या बारीक गोळ्यांचं, पाकीट टांगलेलं असतं, सगळ्यात स्वस्त तेच असतं, तो घेतो. दुकानात उघड विकायला ठेवलंय म्हणजे वापरायला चालत असणार असंच कोणालाही वाटणार, त्यात वावगं काहीच नाही. लायसन काढताना मिळणाऱ्या नियमांच्या पुस्तिकेत बंदी लिहिलेली असते पण ती पुस्तिका शेवटपर्यंत किती जण वाचतात, आणि आपल्याकडची जी मंडळी मुलांना घेऊन एखाद्या शनिवारी हौसेने जातात ती तर नाहीच वाचत. पाण्याखाली कोणाच्या लाईनला कुठला धातू आहे हे वॉर्डनला दिसत नाही. एवढ्या तळ्यांवर एवढ्या लोकांच्या डब्या उघडून बघायला माणसं आणायची कुठून. म्हणजे नियम आहे, तो मोडणाऱ्याला बहुतेकदा आपण मोडतोय हे माहीतही नाही, आणि पकडणाऱ्याला पकडता येत नाही. दुकानाच्या भिंतीवरून पाकीट काढलं की यातलं बरंचसं आपोआप मिटतं. ऑनलाईन मागवणारे राहतीलच, पण जो मुद्दाम बाहेरून मागवतो तो माहीत असून करतोय, आणि असे लोक थोडे असतात.

इंग्लंडने हे फार आधी ओळखलं. थेम्सवरचे हंस शिशाच्या गोळ्या खाऊन मरत होते, आधी लोकांना स्वेच्छेने सोडा म्हणून सांगून पाहिलं, त्याने पुरेसा फरक पडेना, मग १९८७ पासून ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम या मापातल्या वजनांची आयात आणि विक्रीच बंद केली. २८.३५ ग्रॅम म्हणजे बरोब्बर एक औंस. हंस परत वाढले आणि तिथली मासेमारी काही बंद पडली नाही. अमेरिकेत पूर्ण देशासाठी असं काही झालं नाही. पर्यावरण खातं, म्हणजे ईपीए, यांनी १९९४ मधे छोट्या शिशाच्या आणि जस्ताच्या सिंकरवर बंदीचा प्रस्ताव आणला, तो तसाच पडून राहिला. २०१० मधे संस्थांनी परत अर्ज केला तो फेटाळला. जानेवारी २०१७ मधे केंद्राच्या वन्यजीव खात्याने आपल्या ताब्यातल्या जमिनींवर शिसं टप्प्याटप्प्याने काढायचा आदेश काढला आणि सरकार बदलल्यावर मार्चमधे तो रद्द झाला. म्हणून राज्यांनीच करायला पाहिजे असं मी म्हणतोय, वॉशिंग्टनच्या भरवशावर बसलो तर अजून तीस वर्षं अशीच जातील.

सगळ्यात मोठी हरकत पैशाची आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. टंगस्टन शिशाच्या कितीतरी पट महाग पडतं आणि दगडात गेलं की खरंच लागतं. पण शिसं नको म्हणजे टंगस्टनच पाहिजे, हे समीकरण जाहिरातींनी आणि टूर्नामेंटवाल्यांनी आपल्या डोक्यात घातलंय. जरा आकडे बघा. शिशाची घनता ११.३४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, स्टीलची ७.८५ च्या आसपास, कथिलाची ७.३, बिस्मथची ९.८. शुद्ध टंगस्टन १९.२५, पण वजनं बनतात ती टंगस्टनची पूड दुसऱ्या धातूबरोबर दाबून भाजून, त्यामुळे प्रत्यक्षात साडेसतराच्या आसपास धरा. आता अर्ध्या औंसाचं वजन घेतलं तर शिशाचं भरतं सव्वा घन सेंटीमीटर, टंगस्टनचं ०.८, स्टीलचं १.८. ऐकायला हा फरक मोठा वाटतो पण पाण्यातल्या माशासमोर येते ती लांबी आणि जाडी. त्याच आकाराचं वजन बनवलं तर टंगस्टनचं लांबी-जाडीत शिशापेक्षा साडेतेरा टक्के लहान भरतं आणि स्टीलचं तेरा टक्के मोठं. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत तेरा टक्के म्हणजे एक ते तीन मिलीमीटर. स्टीलचं वजन जरा लठ्ठ आहे म्हणून किड्याला तोंड न लावणारा बास मी तरी बघितलेला नाही.

मग काय कुठे वापरायचं. मुलांसाठी बॉबरखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या गोळीखाली) लावायला, पॅनफिशला, म्हणजे छोट्या माशांना, स्प्लिट शॉट कथिलाचे घ्या, कथिल मऊ असतं त्यामुळे लाईनवर दाबून बसतं. टेक्सस रिगला (वर सांगितलेली, किड्याच्या पुढे वजन ओवलेली जुळणी) आणि ड्रॉप शॉटला (वजन हूकच्या खाली, लाईनच्या टोकाला) स्टील चालतं, कॅरोलायना रिगलाही (वजन हूकपासून लांब, मधे मणी) स्टीलच घ्या, मागच्या काचेच्या मण्यावर आपटून टकटक आवाज करतं. जे घरी जिग ओततात त्यांच्यासाठी बिस्मथ-कथिल आहे, शिशापेक्षा कमी तापमानाला वितळतं. एकच सांगतो, जस्ताच्या आणि जस्त असलेल्या पितळेच्या नादी लागू नका, जस्तही पक्ष्यांना विषारीच आहे, उगाच नाही ईपीएच्या त्या प्रस्तावात त्याचं नाव होतं. टंगस्टन घ्यायचंच असेल तर जिथे त्याचा खरंच उपयोग आहे तिथे घ्या. खोल पाण्यात स्मॉलमाउथच्या मागे असताना ते गुळगुळीत वाळूवरून खडकाळ पट्ट्यावर चढलं की रॉडच्या दांड्यात कडक टिचक्या येतात, शिसं मऊ असल्यामुळे त्याच जागी नुसतं जडपण जाणवतं, खडे संपून मोठा दगड कुठे सुरू झाला ते हातात येत नाही. हा फरक खरा आहे आणि त्या कामासाठी दोन वजनं जपून वापरली तर वर्षाचा खर्च काही घर बुडवणारा नाही. आणि जाड गवताच्या गादीतून खाली घुसवायला लागतात ती वजनं बरेचदा एक औंसाच्या वरची असतात, त्यांना हे कायदे लागूच होत नाहीत.

टंगस्टनबद्दलची दुसरी हरकत जास्त विचार करण्यासारखी आहे, ते तरी निर्धोक आहे का. याच राज्यात केप कॉडवरच्या कॅम्प एडवर्ड्स या लष्करी तळावर शिशाच्या गोळ्या बंद केल्यावर १९९९ पासून टंगस्टन-नायलॉनच्या "हिरव्या" गोळ्या वापरल्या, टंगस्टन जमिनीत मुरलं, भूजलात सापडलं आणि २००६ मधे ते बंद करावं लागलं. टंगस्टन हलत नाही, विरघळत नाही, असं ज्यांनी सांगितलं होतं ते चुकले. पण ती फुटून चुरा होणारी गोळी, एकाच जागी वर्षानुवर्षं मारलेली, आणि आपलं वजन हा घट्ट दाबलेला एक तुकडा. पक्ष्याच्या पोटात गेलं तर काय होतं याची तपासणी शिकारीच्या छर्र्यांसाठी झालेली आहे, पाणपक्ष्यांच्या शिकारीला देशभर शिसं १९९१ पासून बंद आहे आणि त्याच्या जागी स्टील, बिस्मथ-कथिल आणि टंगस्टनचे कित्येक मिश्रधातू तपासून मंजूर झालेत. तेव्हा लूनच्या बाजूने बघितलं तर टंगस्टन चालेल. खाणीच्या बाजूने बघितलं तर प्रश्न आहेत. जगातलं जवळपास ८० टक्के टंगस्टन चीनमधून येतं, फेब्रुवारी २०२५ मधे त्यांनी निर्यातीवर नियंत्रण आणलं, आणि मध्य आफ्रिकेतल्या संघर्षाला पैसा पुरवणाऱ्या खनिजांच्या अमेरिकन कायद्यातल्या यादीत ते २०१० पासून आहे. म्हणूनच मी म्हणतो की टंगस्टनची भक्ती नको. साध्या कामाला स्टील आणि कथिल हेच जास्त स्वच्छ आणि स्वस्त आहे.

आणि पक्षी बाजूला ठेवला तरी घरातली माणसं आहेतच. शिशाचं वजन दोन मिनिटं चोळलं की बोटांना करडा रंग लागतो, त्याच हाताने माणूस सँडविच खातो. स्प्लिट शॉट दाताने दाबून बंद करणारे अजूनही दिसतात, लहान पोरं वडलांचं बघून तेच करतात. गॅरेजमधे, काही ठिकाणी तर स्वयंपाकाच्या शेगडीवर शिसं वितळवून साच्यात ओततात, ३२७ डिग्रीला वितळतं त्यामुळे अवघड काही नसतं आणि धूळ घरभर जाते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मुलांच्या रक्तातल्या शिशाचा इशाऱ्याचा आकडा २०२१ मधे ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणला आणि सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही हेही सांगितलं. मिनेसोटामधे शिशाची वजनं बनवणाऱ्या एका कारखान्यातले कामगार कपड्यांवरून, गाडीतून धूळ घरी नेत होते आणि त्यांच्या मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं, २०१९ मधे कोर्टाने तिथलं शिशाचं काम थांबवायला लावलं होतं. आपण स्वस्त म्हणून जे पाकीट घेतो त्याची किंमत कोणीतरी असं भरतं.

आपल्यातले काही विचारतात की मग कोकणात पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याच्या, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात त्याचं काय, त्यांनाही बंदी घालणार का. नाही, ते इथे जोडू नका. पाग फेकला की परत ओढून घेतात, दर फेकीला शिसं तळाला सोडून येत नाहीत, आणि ते त्यांचं पोट आहे. त्या गोळ्या घरात चुलीवर ओतत असतील तर मुलांसाठी ती काळजी तिथेही आहेच, पण तो वेगळा विषय आहे आणि त्याचं उत्तर त्यांच्याशी बोलूनच काढायला पाहिजे. आपण इथे हौस करतोय, निम्म्या वेळेला पकडलेला बास परत सोडून देतोय. हौसेसाठी विष मागे ठेवायचा हक्क मला कुठे दिसत नाही. भारतातलं उदाहरण घ्यायचंच तर गिधाडांचं घ्या. जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं कशी संपत आली ते आपल्याला माहीत आहे. मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या औषधाचा पर्याय होता, आणि २००६ मधे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणावी लागली. त्यानंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या बाजारात मिळत होत्या त्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मधे त्या बाटलीचाच आकार ३ मिलीवर आणला. जोपर्यंत वस्तू हाताशी मिळत राहते तोपर्यंत वापराची बंदी अर्धीच राहते, हे तिथेही दिसलं.

तेव्हा मॅसॅच्युसेट्समधे राहणाऱ्या आणि इथलं फिशिंग लायसन काढणाऱ्या मराठी माणसांना माझं सांगणं असं आहे की आपल्या राज्य प्रतिनिधीला पत्र लिहा, ईमेल करा, आणि एकच मागणी करा, २०१२ च्या नियमाला विक्रीबंदीची जोड द्या. मजकूर शून्यातून लिहायची गरज नाही, शेजारच्या न्यू हॅम्पशरचा आहे. त्याच्याबरोबर तिथल्यासारखी बदली योजना पाहिजे, तिथे जुनं शिसं ठरलेल्या दुकानात नेऊन दिलं की नवीन सामानासाठी कूपन मिळतं, म्हणजे ज्याच्या डब्यात पंधरा वर्षांचं शिसं साठलंय त्याला ते फेकायचं दुःख होत नाही आणि दुकानदाराचंही गिऱ्हाईक टिकतं. त्याला पैसे लागतील ते लायसनच्या फीमधे डॉलरभर वाढवून घ्या, मी आनंदाने देईन. तोपर्यंत घरात असलेलं शिसं कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, गावाचा घातक कचरा गोळा करायचा दिवस असतो तेव्हा नेऊन द्या, आणि दुकानात गेलात की काउंटरवर कथिलाचे स्प्लिट शॉट आहेत का म्हणून मोठ्याने विचारा, नसतील तर कधी येणार तेही विचारा.